पाटीवरची पेन्सिल आणि कामगाराचा श्वास

दसऱ्याच्या दिवशीं पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करण्याचा परिपाठ ज्या घरांत अद्याप चालू आहे, त्या घरांतील मंडळींस पाटीवरच्या पेन्सिलीची निराळी ओळख करून द्यावयास नको. एकाचे आंकडे जोडून रेखाटलेली ती सरस्वती, झेंडूच्या फुलाखालीं ठेविलेली ती करड्या रंगाची कांडी, आणि पूजा आटोपते न आटोपते तोंच ती कांडी उचलून हळूच दाताखालीं धरणारें घरांतील सर्वांत धाकटें मूल, हें चित्र आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत ताजें असेल. पाट्या आतां कमी झाल्या, वह्या आल्या, आणि वह्यांमागून बोट फिरवितांच अक्षर उमटविणाऱ्या कांचाही आल्या. तथापि मुलाचा हात प्रथम वळवावयाचा तो पाटीवरच, असें मानणारीं घरें अजून आहेत आणि बाजारांत पेन्सिलींचा पुडा अजून मिळतो. त्या पुड्यांतील कांडी कोठें तयार होते आणि ती तयार करणाऱ्याच्या छातींत काय सांचतें, हा विचार मात्र आपल्या मनाला सहसा शिवत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मंदसोर हें नांव मराठी वाचकास इतिहासामुळें परिचित आहे. महिदपूरच्या लढाईनंतर १८१८ च्या जानेवारींत होळकरांचा इंग्रजांशीं तह झाला तो येथेंच. आणि पुढें संस्थानें विलीन होईपर्यंत हें शहर शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यांत होतें. माळव्यांतील या शहराच्या आसमंतांत थराथरांचा शेल दगड निघतो आणि त्याच्या आश्रयानें पाटीवरच्या पेन्सिलींचा धंदा तेथें वाढीस लागला. दगडाचे तुकडे विजेनें फिरणाऱ्या करवतीखालीं सरकवावयाचे आणि त्यांच्या बारीक कांड्या पाडावयाच्या, हें त्यांतील मुख्य काम. करवतीचें पातें जेवढी जागा खातें तेवढ्या दगडाचें पीठ होतें. आणि कांडी जितकी बारीक तितके काप अधिक, म्हणून मालाच्या मानानें पीठच फार. तें पीठ उडतें तें समोर वांकून बसलेल्या माणसाच्या तोंडावर.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं या कामगारांची तपासणी केली व तिचा वृत्तांत १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. ५९३ कामगार तपासले गेले. त्यांपैकीं ३२४ जणांच्या छातीच्या क्ष-किरण-चित्रांत सिलिकोसिस या रोगाचीं चिन्हें आढळलीं. म्हणजे शेंकडा चौपन्नांहून अधिक. याच लोकांचा पुढें माग ठेविला असतां जे मरण पावले, त्यांचें सरासरी वय पस्तिशीच्या घरांत होतें. पस्तिशी हें माणसाचें स्वतःचें मूल पाटी हातीं घेण्याचें वय होय! मध्य प्रदेश सरकारनें या कामगारांकरितां १९८२ सालीं एक स्वतंत्र कल्याणनिधीचा कायदा केला होता. एकट्या पेन्सिलीच्या कामगारांसाठीं निराळा कायदा करावा लागतो, यावरूनच या धंद्याची कल्पना यावी.

आतां या धुळींत विष तें कोणतें? या दगडांत सिलिका नांवाचें द्रव्य मोकळ्या व स्फटिकमय स्वरूपांत असतें. आपण जिला गारगोटी म्हणतों ती बहुतांशीं हेंच द्रव्य होय. गारगोटी मुलांनीं खिशांत बाळगली अथवा दोन गारगोट्या आपटून ठिणगी पाडली तरी त्यांत भय नाहीं. नदीच्या वाळूंतही हें द्रव्य असतें आणि वाळूंत खेळून कोणी आजारी पडत नाहीं. अपाय होतो तो तिचें अतिसूक्ष्म व ताजें कापलेलें चूर्ण दिवसचे दिवस श्वासावाटे आंत गेल्यानें. नाकांतील केंस, घशाचा ओलावा आणि श्वासनलिकांच्या आंतली सतत वर सरकणारी लव हे देहाच्या देवडीवरचे पहारेकरी आहेत. ठसठशीत धूळ त्यांच्या तावडींतून सुटत नाहीं. ती शिंकेवाटे व खाकऱ्यावाटे बाहेर पडते. परंतु सुमारें पांच मायक्रॉनहून लहान कण या पहाऱ्यास न जुमानतां फुप्फुसाच्या अगदीं शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोंचतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा अंश; आपल्या डोक्याचा केंस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांचा अंदाज करावा.

वायुकोशांत परकी वस्तु शिरली कीं शरीरांतील भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. गारेचा कण मात्र गिळणाऱ्या पेशीचाच प्राण घेतो. पेशी मेली कीं तो पुन्हां मोकळा. दुसरी पेशी धांवून येते, त्यास गिळते व तीही मरते. या झटापटीच्या जागीं जखम भरून यावी तशी कठीण गांठ धरते. अशा गांठी वाढत व एकमेकींस मिळत गेल्या म्हणजे मऊ, लवचीक असें फुप्फुस हळूहळू ताठर होतें, आणि जिना चढतांना लागणारा दम पुढें सपाट जमिनीवरही लागूं लागतो. काम सोडलें तरी रोग थांबेल असा भरंवसा नसतो, कारण आंत गेलेला कण आंतच राहतो. त्यास बाहेर काढणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं. शिवाय अशा फुप्फुसांत क्षयाचे जंतु लवकर घर करतात. खोकला, रोडावणें, रात्रींचा घाम हीं लक्षणें दोहोंस समान असल्यामुळें कित्येक पाथरवट क्षयाचेंच औषध घेत घेत मरतात आणि त्यांच्या धंद्याची चौकशी कोणी करीत नाहीं. आग्रिकोला या जर्मन पंडितानें १५५६ सालीं छापल्या गेलेल्या खाणींवरील ग्रंथांत कार्पेथियन डोंगरांतल्या अशा स्त्रियांचा उल्लेख केला आहे कीं, ज्यांचे सात सात नवरे एकामागून एक या खाणींच्या धुळीनें गेले. म्हणजे ही गोष्ट जगास ठाऊक होऊन साडेचारशें वर्षें उलटून गेलीं.

ठाऊक असून उपाय कां झाला नाहीं, याचें एक कारण असें कीं ही धूळ दिसत नाहीं. आपण जिला धूळ म्हणून नांवें ठेवतों, जी कपाटावर बसते व जिच्यावर बोटानें नांव लिहितां येतें, ती जड असते. ती खालीं बसली म्हणजे तिचा श्वासाशीं संबंध सुटला. घातक कणांचें तसें नाहीं. एक मायक्रॉनचा गारेचा कण अगदीं स्तब्ध हवेंत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यावयास सुमारें साडेचार तास घेतो. आणि कारखान्यांतली हवा कधीं स्तब्ध नसते. सकाळीं करवतीनें उडविलेला कण दुपारीं जेवावयास बसलेल्या माणसाच्या नाकांत जातो, आणि त्याला वाटतें कीं धूळ केव्हांच बसली.

आपल्या जुन्या शास्त्रकारांचें या बाबतींतलें निरीक्षण मोठें मार्मिक होतें. झरोक्यांतून येणाऱ्या कवडशांत जो बारीक कण तरंगतांना दिसतो त्यास त्यांनीं त्रसरेणु म्हटलें, आणि मनुस्मृतींत वजनमापांचें कोष्टक देतांना आरंभ केला तो याच त्रसरेणूपासून. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, आणि तेथून चढत चढत सोन्यारुप्याच्या मापांपर्यंत. कवडसा नाहींसा झाला कीं त्रसरेणु अदृश्य होतो, पण असतो तेथेंच. कारखान्यांची तपासणी करणारे तज्ज्ञ आजही हीच युक्ति वापरतात. खोलींत अंधार करून प्रखर दिव्याचा झोत करवतीच्या मागून सोडतात, झोत सरळ डोळ्यांवर येऊं नये म्हणून मध्यें आडोसा धरतात, आणि दिव्याकडे तोंड करून पाहतात. क्षणापूर्वीं स्वच्छ भासणारी हवा धुरानें भरल्यासारखी दिसूं लागते. धूळ कोठून निघते, कामगाराच्या तोंडाशीं कशी वळते, तें सर्व उघड होतें. ज्यानें आयुष्यभर त्या करवतीवर काम केलें, असा माणूसही तें दृश्य पाहून थक्क होतो.

पण दिसणें निराळें आणि मोजणें निराळें. दिव्यानें धुळीची वाट कळते; ती किती आहे, तें कळत नाहीं. मोजण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न झाला तो दक्षिण आफ्रिकेंत, जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणींत. दाबलेल्या हवेवर चालणारीं छिद्रयंत्रें तेथें आलीं आणि गारेच्या खडकांत त्यांनीं कोरडीं भोकें पाडण्यास सुरुवात केली. १८९९ ते १९०२ च्या युद्धांत खाणी बंद पडल्या होत्या. त्या पुन्हां सुरू होतांच असें आढळून आलें कीं पूर्वीं यंत्रावर काम करणाऱ्यांपैकीं पुष्कळसे जण मधल्या काळांत मरून गेले आहेत. त्यावर चौकशीमंडळ नेमलें गेलें. पुढें तेथील सरकारी खाण-अभियंते रॉबर्ट कोत्झे यांनीं १९१६ सालीं कोनिमीटर नांवाचें उपकरण तयार केलें. पिचकारीसारखा एक दट्ट्या, त्याला जोराची कमान. ती सोडली कीं अवघी पांच घन सेंटिमीटर हवा बारीक भोकांतून आंत येऊन चिकट लेप दिलेल्या कांचेवर आपटते आणि कण तेथें चिकटतात. मग ते सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचे.

या उपकरणानें खाणीच्या मालकांस प्रथमच आंकडा दाखविला, हें त्याचें श्रेय मोठें आहे. तथापि त्यांत दोन उणिवा होत्या. एक तर तें क्षणाचें चित्र; माणूस श्वास घेतो तो दिवसभर. दुसरी गोष्ट, तें उपकरण धरावयाचें कोठें, हें धरणाराच्या मर्जीवर. १९५९ सालीं जोहान्सबर्ग येथेंच भरलेल्या परिषदेंत असें ठरलें कीं सगळी धूळ न मोजतां फुप्फुसाच्या तळाशीं पोंचूं शकणारी तेवढीच वेगळी काढून मोजावी. आणि १९६० सालीं इंग्लंडांतील हारवेल येथील अणुशक्ति-केंद्रांत काम करणारे शेरवुड व ग्रीनहाल्ग यांनीं एक लहानसा पंप कामगाराच्या अंगावरच बसविला. खोलींत एके जागीं ठेविलेल्या यंत्रापेक्षां माणसाच्या अंगावरच्या यंत्रांत पुष्कळच अधिक धूळ सांपडते, असें तेव्हां दिसून आलें. विचार केला तर यांत नवल नाहीं. धूळ उडवितो तो कामगारच. तिच्या सर्वांत जवळ असणार तोही तोच. परंतु ही साधी गोष्ट आंकड्यांत उतरावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आजची पद्धति याच कल्पनेवर उभी आहे. कमरेच्या पट्ट्याला मुठीएवढा पंप, त्यापासून पाठीवरून खांद्यावर आलेली रबरी नळी, आणि गळपट्टीजवळ, नाकापासून फुटाच्या आंत, सायक्लोन नांवाचें बोटभर उंचीचें शंक्वाकृति साधन. हवा त्यांत भोंवऱ्यासारखी फिरते. जाड कण बाजूंस आपटून तळच्या भांड्यांत पडतात आणि बारीक तेवढे वरच्या फिल्टरवर जाऊन बसतात. ही नाक व घसा यांचीच नक्कल होय. नेहमींच्या एका जातीच्या सायक्लोनमधून मिनिटास १·७ लिटर हवा ओढतात. आठ तासांत ८१६ लिटर झाली. अमेरिकेनें २०१६ सालीं सर्वसाधारण उद्योगांसाठीं व बांधकामासाठीं अशा गारेच्या धुळीची मर्यादा घनमीटर हवेंत ०·०५ मिलिग्रॅम ठरविली. त्या मर्यादेवरच्या हवेंत दिवसभर पंप चालला तर फिल्टरवर गारेचा सांठा किती? फक्त ०·०४ मिलिग्रॅम! दमट हवेनें फिल्टरचें स्वतःचें वजनही बदलतें, म्हणून सोबत दोन कोरे फिल्टर ठेवून त्यांच्याशीं ताडून पाहावें लागतें. आणि मग धुळींत गार किती व इतर माती किती, तें किरणांच्या साहाय्यानें निराळें काढावें लागतें.

हे आंकडे वाचून कंटाळणाऱ्या वाचकाकरितां घरगुती हिशेब देतों. कष्टाचें काम करणारा माणूस आठ तासांत सुमारें दहा घनमीटर हवा आंत घेतो. वरील मर्यादेनें त्याच्या श्वासांत दिवसास अर्धा मिलिग्रॅम गार जाऊं शकते. एक मिलिमीटर लांबरुंद साखरेच्या दाण्याचें वजन दीड मिलिग्रॅमहून किंचित् अधिक भरतें. म्हणजे साखरेच्या एका दाण्याचा तिसरा हिस्सा, हें दिवसभराचें कमाल माप. आणि एवढ्यानें माणूस निर्धास्त झाला असें ती मर्यादा ठरविणारेही म्हणत नाहींत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यास १९८७ सालीं जी दुसरी अनुसूची जोडली गेली, तिच्यांत धुळींतील गारेच्या शेंकडा प्रमाणांत दोन मिळवून त्या संख्येनें दहास भागावें, असें सूत्र दिलें होतें. निव्वळ गार असेल तर उत्तर जवळजवळ ०·१ येतें, म्हणजे वरील मर्यादेच्या दुप्पट.

परंतु मर्यादा कितीही कडक असली तरी मोजणाऱ्याच्या हातांत पळवाटा पुष्कळ आहेत, आणि लेखाचा खरा मुद्दा माझ्या मतें येथें आहे. मोजण्याचा दिवस आगाऊ कळविला कीं त्या दिवशीं निम्म्या करवती बंद असतात. पंप कामगाराच्या अंगावर न देतां दाराजवळच्या खांबास टांगला कीं आंकडा उतरतो. एका मवाळ दिवसाचा नमुना वर्षभराचा म्हणून दाखवितां येतो. शेवटीं आंकडा येतो तो कचेरींतल्या फायलींत राहतो. ज्याच्या छातीचा तो आंकडा, त्यास तो कोणी वाचून दाखवीत नाहीं. अलीकडे प्रकाशाच्या योगानें तत्क्षणीं धूळ दाखविणारीं लहान यंत्रें निघालीं आहेत. कामगार काम करीत असतां त्याचें चलच्चित्र घेतात आणि त्याच पडद्यावर यंत्राचा आंकडा वरखालीं होतांना दाखवितात. मग असें ध्यानांत येतें कीं दिवसाच्या धुळीचा मोठा हिस्सा दोनचार क्षुल्लक वाटणाऱ्या हालचालींतून येतो: रिकामें पोतें झटकणें, कोरड्या झाडूनें जमीन लोटणें, हवेच्या नळीनें कपडे उडवून साफ करणें. हें चित्र साहेबास जितकें उपयोगी तितकेंच कामगारासही. मोजणें हें दंड करण्यापुरतेंच नसून, कोठें हात घालावा हें दाखविण्यासाठींही आहे, हें अशा वेळीं पटतें.

हात कोठें घालावा, याविषयीं लोकांची पहिली सूचना असते मुखपट्टीची. ती फार जुनी आहे. हिंगूळ कुटणारे कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचें कातडें बांधीत, असें पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. मालकाला ती स्वस्त पडते आणि तिच्यामुळें दोष कामगाराच्या माथीं जातो: पट्टी दिली होती, त्यानें बांधली नाहीं. चांगली, तोंडाला घट्ट बसणारी पट्टी निःसंशय उपयोगी आहे. परंतु दाढीचे खुंट वाढले तरी तिच्या कडेनें हवा शिरते, मे महिन्यांत पत्र्याखालीं ती आठ तास तोंडावर ठेवणें अशक्य होतें, आणि नाकावर बांधलेला रुमाल किंवा पंचा तर या कणांपुढें मासे धरण्याच्या जाळ्यानें पाणी अडविण्यासारखा आहे. म्हणून तज्ज्ञ तिला उपायांच्या रांगेंत शेवटीं बसवितात.

पहिला उपाय म्हणजे घातक पदार्थच टाळणें. ओतीव लोखंड साफ करण्यासाठीं वाळूचा मारा करण्याची चाल इंग्लंडनें १९४९ च्या नियमांनीं बंद केली व लोखंडाच्या गोळ्या वगैरे दुसरे पदार्थ घ्यावयास लाविले. दुसरा उपाय पाणी. जॉन लायनर या अमेरिकन यंत्रकारानें १८९७ सालीं पोकळ पहारींतून पाणी सोडणारें छिद्रयंत्र बनविलें; भोंक पडत असतांच पीठ चिखल होऊन बाहेर येतें. साधन हातीं असून तें न वापरल्यास काय होतें, तें वेस्ट व्हर्जिनियांत हॉक्स नेस्टच्या बोगद्यावर दिसलें. १९३० सालीं गॉली ब्रिज गांवाजवळ हा सुमारें तीन मैलांचा बोगदा जवळजवळ निव्वळ गारेच्या खडकांतून खणावयास घेतला. कामाची घाई म्हणून छिद्रें कोरडीं पाडलीं. मजूर बहुतेक दक्षिणेकडून पोटासाठीं आलेले कृष्णवर्णी. पाहणीस येणारे वरिष्ठ मुखवटे घालीत आणि मजुरांस ते नव्हते, अशा साक्षी १९३६ च्या चौकशींत झाल्या. मार्टिन चेर्निॲक या वैद्यानें १९८६ सालीं पुराव्यांवरून मृतांचा अंदाज निदान ७६४ असा केला. रोग पिकावयास येथें वीस वर्षें लागलीं नाहींत. कित्येकांस वर्ष-दोन वर्षें पुरलीं.

जेथें पाणी चालत नाहीं तेथें धूळ जन्मतांच ओढून घ्यावयाची. मंदसोरच्या करवतींना पुढें अशीं शोषक साधनें बसविण्याचे प्रयत्न झाले ते याच तत्त्वावर. यांतील मर्म असें कीं, ओढणारें तोंड करवतीला अगदीं लागून हवें. हवा फुंकल्यानें दूरवर जाते, ओढल्यानें मात्र जवळचीच येते. शोषक नळीच्या तोंडाच्या रुंदीइतकें अंतर पडलें तरी ओढ एकदशांशावर येते. प्रयोग सोपा आहे. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आंत ओढून ती विझवून पाहावी. (देवाजवळची समई या प्रयोगास घेऊं नये, घरांतील वडील मंडळी रागावतील.) भिंतींत वर मोठा पंखा बसवून कारखानदार समाधान मानतो, तेव्हां तो पंखा धूळ कामगाराच्या नाकावरूनच बाहेर नेत असतो.

कायद्याचा हात सर्वत्र पोंचत नाहीं, ही गोष्टही सांगितली पाहिजे. १९४८ च्या कायद्यानें विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा माणसांची अट होती. २०२० सालीं संमत झालेल्या संहितेंत ती वीसांवर गेली. दगडाचें काम बहुधा चार-सहा माणसांच्या शेडींत, नाहीं तर घराच्या ओसरीवर होतें, आणि घराच्या ओसरीवर पोरेंबाळेंही असतात. राजस्थानांत, जेथें दगडाच्या खाणी व कोरीव काम फार, तेथील सरकारनें २०१९ सालीं अशा रोगांसाठीं स्वतंत्र धोरण जाहीर करून रोग्यांस अर्थसाहाय्य देण्याची व्यवस्था केली.

हें सारें दूरच्या खाणींचें व शेडींचें आहे, अशी माझीही समजूत होती. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बदलावयाचें ठरलें. वहिनींनीं पसंत केलेला दगड खाणींतला नव्हता. गारेचें चूर्ण राळेंत घट्ट बसवून कारखान्यांत बनविलेला होता. दिसावयास सुरेख, डाग न धरणारा. आणि त्यांत गार शेंकडा नव्वदांच्या आसपास. हाच दगड कापणारे तरुण कामगार थोड्या वर्षांत सिलिकोसिसनें खंगूं लागले म्हणून ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून त्याचे ओटे बनविणें, विकणें व बसविणें बंद केलें, हें मला नंतर कळलें. फरशीवाल्याबरोबर विशी-बाविशीचा मुलगा आला होता. नळाची जागा कापण्यासाठीं त्यानें यंत्र सुरू केलें आणि पांच मिनिटांत त्याच्या भुंवया, पापण्या, केंस पांढरे झाले. जणूं घरांतच म्हातारा झाला.

मीं त्याला थांबवून विचारलें, "अहो, पाणी कां लावीत नाहीं?"

तो नम्रपणें म्हणाला, "साहेब, पाणी लावलं की चिखल उडतो. भिंतीवर, खालच्या फरशीवर डाग पडतात. मग घरची माणसं रागावतात. आणि ह्या मशिनीवर पाणी टाकलं तर शॉक बसतो."

त्याच्या दोन्ही सबबी खऱ्या होत्या. पहिलीचे धनी आम्ही होतों. आदल्याच दिवशीं भिंतीवर शिंतोडे उडाले म्हणून त्याला बोलणीं बसलीं होतीं. दुसरीही खोटी नव्हे, कारण त्याच्या हातचें यंत्र कोरड्या कामापुरतें बनविलेलें होतें आणि घरांतल्या त्या खटक्यावर विजेचा धक्का तोडणारी कळ नव्हती. मालकाला फोन करून पात्यावर पाण्याची धार सोडणारें यंत्र मागविलें, विजेच्या माणसाकडून ती कळ बसवून घेतली आणि राहिलेलें कापण्याचें काम परसांत हलविलें. काम अर्धा दिवस लांबलें. मुलगा मात्र संध्याकाळीं काळ्या केसांनींच घरीं गेला.

परसांतला तो राखी चिखल रात्रीं वाळून कडक झाला. सकाळीं कामाची बाई नेहमींप्रमाणें खराटा घेऊन तो लोटावयास निघाली, तोंच वहिनींनीं तिला हांक मारून थांबविलें, आणि स्वतः एक घागर पाणी आणून त्यावर ओतलें.